डिकीतले पाणी आले कुठून?

जुलै महिन्यातली गोष्ट. शाळेच्या वाचनालयासाठी रत्नागिरीहून पुस्तकांची दोन खोकी आणली होती. शनिवारी घरी पोचायला रात्र झाली, म्हणून खोकी मोटारीच्या डिकीतच राहू दिली. रविवारी दिवसभर पाऊस कोसळला. सोमवारी अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी मिळाली. मंगळवारी शाळेत जाऊन डिकी उघडली, तर खोक्यांचे तळ लगदा झालेले! खालच्या थरातली पुस्तके फुगून दुप्पट जाड झाली होती. गालिचा उचलला, त्याखालची स्टेपनी बाहेर काढली आणि तिच्या खळग्यातले पाणी मगाने उपसून मोजले. ते भरले साडेतीन लिटर.

पुस्तके पाहून मुले हिरमुसली. त्यांतली बरीचशी त्यांनीच यादी करून मागवलेली होती. नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, डिकी तर बंद होती. मग पाणी आले कुठून?" प्रश्न अगदी साधा होता, पण उत्तर मिळायला आम्हांला तीन आठवडे लागले. त्या शोधात विज्ञानाच्या पुस्तकातले जितके धडे उपयोगी पडले, तितके एका सत्रातही क्वचितच पडतात. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगत आहे.

दव की गळती?

पहिली शंका एका मुलाने काढली. पावसाळ्यात हवा दमट असते. रात्री पत्रा गार पडला की हवेतली वाफ त्यावर जमत असेल, आणि तेच पाणी खळग्यात साठत असेल. शंका रास्त होती. पण शंका नुसती रास्त असून भागत नाही, ती आकड्यांत बसवून पाहावी लागते.

३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना हा आकडा सुमारे १७ ग्रॅमवर येतो. म्हणजे वाफेने संपृक्त झालेली हवा ३० वरून २० अंशांपर्यंत थंड झाली, तर दर घनमीटरमागे १३ ग्रॅम पाणी बाहेर पडेल. आमच्या डिकीचे आकारमान साधारण ४०० लिटर, म्हणजे ०.४ घनमीटर. तेव्हा एका रात्रीत पाणी जमेल ते जेमतेम ५ ग्रॅम. हे झाले चहाचा एक चमचाभर पाणी! साडेतीन लिटर जमायला अशा ७०० रात्री लागतील, आणि तेही मधल्या काळात एक थेंबसुद्धा सुकला नाही तर. शिवाय आमच्याकडे रात्रीत तापमान इतके उतरतही नाही. दवाची शंका इथेच मिटली. पाणी बाहेरूनच येत होते.

आता दुसरा हिशेब पाहा. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर पाणी होते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर तासाला ३६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर. साडेतीन लिटरला सुमारे वीस तास पुरतात. दोन दिवसांच्या संततधारेत एवढा वेळ सहज मिळतो. म्हणजे आम्हांला एखादे मोठे भोक शोधायचे नव्हते. सेकंदाला एक थेंब आत घेईल एवढी बारीकशी वाट शोधायची होती.

आधी इलाज, मग निदान

पण हा हिशेब करण्याआधी आम्ही एक चूक करून बसलो होतो. गॅरेजच्या मेस्त्रींना मी सांगितले, "मेस्त्री, डिकीच्या रबराला सगळीकडे सिलिकॉन लावून टाका." त्यांनी विचारले, "बाई, पाणी रबरातूनच येतं कशावरून?" मी म्हटले, "दुसरीकडून कुठून येणार?" त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे लावून दिले. पुढच्या पावसात खळगा पुन्हा भरला. रबराला चिकटलेला तो राप खरवडून काढायला मात्र आमची एक दुपार गेली.

ही चूक फार सर्रास होते. जिथे ओले दिसते त्याच्या सर्वांत जवळची फट आपल्याला दोषी वाटते. आमच्या शाळेच्या शिपायांना मुले मामा म्हणतात. पावसाळ्यापूर्वी गावातली कौले परतायचे काम ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. ते हसून म्हणाले, "बाई, घरात थेंब पडतो तिथलंच कौल फुटलेलं असतं असं कुठाय? पाणी वासा धरून चालतं. फुटलेलं कौल कधीकधी दोन हात वर सापडतं." मामांच्या या वाक्यावरच आमच्या पुढच्या शोधाची दिशा ठरली.

पाणी वाट कशी काढते?

पाणी उताराकडे वाहते हे आपण पहिलीपासून शिकवतो. पण बारीक गळतीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

एक म्हणजे पाण्याची पृष्ठभागाला चिकटून राहण्याची प्रवृत्ती, म्हणजेच आसंजन. भरलेला पेला हळूहळू ओतून पाहा. पाणी सरळ खाली न पडता पेल्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळत येते. छपराच्या कडेच्या पागोळ्या खाली पडतात, पण कधीकधी पाणी कडेवरून वळून आतल्या बाजूने मागे जाते. म्हणूनच सिमेंटच्या छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, गवंडी एक खाच ठेवतात. मागे सरकणारे पाणी त्या खाचेशी अडते आणि थेंब होऊन पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे केशाकर्षण. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या समोरासमोर धरा. एका उभ्या कडेला मध्ये आगकाडी ठेवा, दुसरी कडा काचेला काच टेकवून घट्ट मिळवा आणि वर रबरबँड चढवा. ही जोडी रंगीत पाण्यात उभी करा. फट जिथे अरुंद आहे तिथे पाणी उंच चढते, जिथे रुंद आहे तिथे थोडेच चढते, आणि मध्ये एक सुरेख वक्ररेषा तयार होते. स्वच्छ काचेसाठी हिशेब केला, तर १ मिलिमीटर फटीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते, आणि ०.१ मिलिमीटर फटीत जवळजवळ १५ सेंटिमीटर! रंगवलेल्या पत्र्यावर किंवा रबरावर पाणी काचेइतके पसरत नाही, त्यामुळे तिथे ही उंची कमी भरते. तरी मुद्दा कायम राहतो. फट जितकी बारीक, तितकी ती पाण्याला जास्त जोराने ओढते.

इथे एका मुलाने फार चांगला प्रश्न विचारला. "केशाकर्षण पाणी ओढून घेतं, तर फट तेच पाणी धरूनही ठेवेल. मग ते आत थेंब होऊन पडतं कसं?" याचे उत्तर आम्ही प्रयोगानेच शोधले. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात सुती कापडाची वात अशी ठेवली, की तिचे दुसरे टोक काठावरून बाहेर लोंबत राहील. ते टोक पेल्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असताना वात नुसतीच भिजली, एकही थेंब पडला नाही. टोक पातळीच्या खाली नेताच थेंब पडू लागले. म्हणजे केशाकर्षण पाण्याला उंबरठा ओलांडून आत आणते, पण आत सोडण्याचे काम करते गुरुत्वाकर्षणच. गळतीसाठी बारीक फट हवी आणि आतल्या बाजूला खाली उतरणारी वाटही हवी. डिकीत अशी वाट कोणती असेल?

शोध

शोध सुरू करण्यापूर्वी डिकी पूर्ण रिकामी केली. गालिचा आणि त्याखालचा नमदा काढून वाळत घातला. नमदा काढणे अत्यावश्यक असते, कारण तो वातीसारखाच वागतो. एका कोपऱ्यात पडलेले पाणी तो सगळीकडे पसरवतो आणि माग पुसून टाकतो. आमची खोकी उजव्या बाजूला होती आणि तिथला नमदा चिंब होता. म्हणून आम्ही उगाचच उजवीकडे संशय घेत होतो.

पहिली चाचणी रबराची. कागदाची एक पट्टी रबरावर ठेवून डिकी बंद करायची आणि पट्टी ओढून पाहायची. सहज सुटून आली तर तिथे दाब कमी आहे, अडकली तर रबर नीट बसते आहे. झाकणाभोवती बारा ठिकाणी पाहिले. सगळीकडे पट्टी घट्ट अडकली. ज्या रबरावर आम्ही राप थापला होता, ते मुळी निर्दोषच होते!

दुसरी चाचणी प्रकाशाची. काळोख पडल्यावर डिकीत पेटती विजेरी ठेवून झाकण लावले आणि बाहेरून कुठे उजेड दिसतो का ते पाहिले. कुठेच दिसला नाही. पण यावरून फट नाही असे म्हणता येत नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, पाण्याला तसे बंधन नसते. वळणावळणाच्या फटीतून उजेड येणार नाही, पाणी मात्र येईल. उजेड दिसला असता तर फट सिद्ध झाली असती. न दिसल्याने काहीच सिद्ध झाले नाही. चाचणीच्या नकारार्थी निकालाचा अर्थ लावताना मुलांना हा फरक जरूर समजावून सांगावा.

तिसरी चाचणी खरी कामाची ठरली. डिकीच्या आतला पत्रा कोरडा पुसून त्यावर खडूची भुकटी भुरभुरली. बाहेरून बागेतल्या पाइपने पाणी सोडायचे आणि भुकटीत ओघळ कुठे उमटतो ते पाहायचे. यासाठी चार नियम ठरवले.

पहिला नियम: पाणी हलके सोडायचे. पाइपच्या तोंडावर बोट दाबून फवारा मारला, तर पाऊस जिथे कधीच शिरत नाही तिथेही पाणी शिरते, आणि भलताच दोष सापडतो.

दुसरा नियम: खालून वर जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खालच्या प्रत्येक जोडावरून जाते. गळती दिसली तरी ती कुठल्या जोडातून आली ते कळत नाही.

तिसरा नियम: एका वेळी एकच भाग, आणि प्रत्येक भागाला पूर्ण पाच मिनिटे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: आत कोणीही बसायचे नाही. आतून पाहायला दोन-तीन मुले लगेच तयार झाली होती. पण बंद डिकीत गुदमरण्याचा धोका असतो, आणि बऱ्याच मोटारींत ती आतून उघडता येत नाही. आम्ही मागचे आसन पुढे पाडले, मोबाईलचा दिवा लावून तो आत उभा केला आणि चित्रण चालू ठेवले.

बंपरच्या वरच्या कडेवर पाच मिनिटे पाणी सोडले, भुकटी कोरडी. उजव्या टेललाइटवर पाच मिनिटे, कोरडी. डाव्या टेललाइटवर पाणी सुरू केले. एक मिनिट गेले, दोन गेली. तिसरे मिनिट संपत आले तेव्हा दिव्यामागून येणाऱ्या तारांच्या जुडग्यावर एक थेंब चमकला, तारेवरून घरंगळला आणि सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकला. मागोमाग दुसरा. भुकटीत एक काळसर रेघ उमटली आणि ती थेट स्टेपनीच्या खळग्याकडे गेली. मुलांनी केलेला आरडाओरडा त्या चित्रणात आजही ऐकू येतो.

पाच मिनिटांचा आग्रह का धरला होता, तेही इथे कळले. दोन मिनिटांत पाइप हलवला असता, तर डावा दिवा निर्दोष सुटला असता.

यावर थांबण्याचा मोह होताच. तरीही डावा दिवा प्लॅस्टिकच्या कागदाने आणि चिकटपट्टीने झाकून झाकणाची खालची कड, दोन्ही बाजू आणि मागची काच यांवरही प्रत्येकी पाच मिनिटे पाणी सोडले. सगळीकडे कोरडे. संशयित सापडला की बाकीच्यांना न तपासताच सोडून देणे शास्त्रीय पद्धतीत बसत नाही.

दोष आणि दुरुस्ती

मेस्त्रींनी दिवा काढला तेव्हा कारण डोळ्यांसमोर आले. दिवा आणि पत्रा यांच्यामध्ये फोमचे पॅकिंग असते. पूर्वी मोटारीला मागून पोचा आला होता. तो काढताना दिवा उतरवून परत बसवला गेला, आणि तेव्हा पॅकिंगची कड एके ठिकाणी दुमडली होती. दुमडीशेजारी केसाएवढी फट राहिली होती. तिच्यातून केशाकर्षण पाणी आत ओढत होते, आणि आत खाली उतरणारी तार वातीच्या बाहेरच्या टोकाचे काम करत होती. मामांचा वासा तो हाच!

जुने पॅकिंग काढून जागा पुसून कोरडी केली आणि नवे बसवले. नटबोल्ट एकेक करून पूर्ण न आवळता आलटून पालटून थोडेथोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. तारांच्या जुडग्याला दिव्यापाशीच खाली झोल दिला आणि पुढे तो वर उचलून बांधला. चुकून पाणी आलेच तर ते झोलाच्या तळाशी टपकेल आणि तिथल्या तिथे दिसेल, तार धरून पुढे जाणार नाही. घरात येणाऱ्या विजेच्या तारेला भिंतीबाहेर असाच झोल देतात, तो का ते आता मुलांना सांगावे लागले नाही.

दोन सूचना इथेच द्याव्याशा वाटतात. दुकानात मिळणाऱ्या काही सिलिकॉनना सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा असतो. उघड्या पत्र्याजवळ ते वापरले तर गंजाला आमंत्रण मिळते. दुसरे म्हणजे डिकीच्या रबराला मऊ ठेवण्यासाठी मोटारीचे तेल किंवा ग्रीस लावू नये. ही रबरे बहुधा खनिज तेलात फुगणाऱ्या जातीची असतात. त्यांच्यासाठी सिलिकॉनचे ग्रीस वापरावे.

दुरुस्तीनंतर तोच पाइप, तोच हलका प्रवाह आणि तीच पाच मिनिटे घेऊन चाचणी पुन्हा केली. भुकटी कोरडी राहिली. परिस्थिती तीच ठेवून केलेल्या चाचणीलाच पुरावा म्हणता येते. 'आता पाणी येत नाही, म्हणजे दुरुस्त झाले' एवढ्याने भागत नाही, कारण कदाचित पाऊसच थांबलेला असतो!

दुसरे पाणी

गोष्ट इथे संपायला हवी होती. उभ्या मोटारीवर चार दिवस पाऊस पडला, डिकी कोरडी राहिली. पाचव्या दिवशी मी ओल्या रस्त्याने देवरुखला जाऊन आले, आणि डिकीचा डावा कोपरा पुन्हा ओला! मुले खट्टू झाली. "म्हणजे आपलं चुकलं, बाई?"

मी त्यांना ओल्या जागेवरून पांढरे फडके फिरवायला सांगितले. फडक्यावर लाल चिखल आला. पहिल्या वेळी खळग्यातले पाणी नितळ होते. पावसाचे पाणी स्वच्छ असते, चाकाने उडवलेल्या पाण्यात रस्त्याची माती असते. म्हणजे ही गळती वेगळी होती. आणि ती फक्त मोटार चालू असतानाच होत होती.

मोटारीच्या सर्व काचा लावून दार ओढून बंद केले, तर कानांना किंचित दडा बसल्यासारखे वाटते. दार आत ढकलत असलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, तशीच ती पंख्याने आत येणाऱ्या हवेलाही हवी. म्हणून बऱ्याच मोटारींत मागच्या बाजूला, बंपरच्या आड, रबरी पडद्यांची छोटी खिडकी असते. पडदे बाहेरच्या दिशेनेच उघडतात. हवा बाहेर जाते, आत येत नाही. आमच्या मोटारीत ही खिडकी डाव्या चाकामागे होती, आणि चिखल साचून तिचा एक पडदा उघडाच अडकला होता. चाकाने उडवलेले पाणी सरळ आत येत होते. शिवाय धावत्या मोटारीच्या मागे हवेचा दाब बदलतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे १७ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्याचा काही भाग जरी फटीच्या दोन बाजूंत फरक म्हणून उरला, तरी थेंबाला आत ढकलायला तो पुरतो.

पडदे धुऊन, चिखल काढून खिडकी नीट बसवली. एका मुलाने ती सिलिकॉनने कायमची बंद करावी असे सुचवले. तसे करू नये. ती बंद केली तर आतली दमट हवा बाहेर जाणार नाही, काचांवर वाफ धरेल, आणि जिला आम्ही सुरुवातीला निर्दोष ठरवले होते ती दवाची अडचण खरोखरच उभी राहील.

एकाच लक्षणामागे दोन कारणे असू शकतात, हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा. पहिला उपाय चुकला नव्हता, तो फक्त अपुरा होता.

उरलेले काम

पाणी थांबले, तरी त्याने केलेले नुकसान मागे उरले होते. जॅक घासून जिथे खळग्याचा रंग उडाला होता, तिथे गंज धरला होता. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढायचाच, आणि ओल्या नमद्याखाली पाणी सुकत नसल्याने हे काम अखंड चालू राहते. गंज घासून काढला, गंजरोधक रंगाचा हात दिला, आणि नमदा खडखडीत वाळल्यावरच परत घातला. खळग्याच्या तळाचे रबरी बूच पाणी काढण्यासाठी उघडले होते, ते आठवणीने परत बसवले. ते उघडे ठेवले असते तर रस्त्यावरचे पाणी त्या वाटेने वर उडाले असते.

पुस्तकांच्या दर दहा-बारा पानांमध्ये कोरा टिपकागद घालून ती पंख्याच्या वाऱ्यावर उभी करून ठेवली आणि कागद वरचेवर बदलले. उन्हात मुद्दाम ठेवली नाहीत, कारण घाईने वाळताना पाने वेडीवाकडी होतात. जवळजवळ सगळी वाचली. गुळगुळीत कागदाची चार मात्र एकसंध वीट होऊन बसली.

त्या चारांपैकी एक आम्ही विज्ञानाच्या कपाटात ठेवले आहे. नवीन वर्गाला केशाकर्षण शिकवताना मी ते मुलांच्या हातात देते आणि विचारते, "डिकी तर बंद होती. मग पाणी आले कुठून?"